वॉर्डात पहिल्यांदा जाणाऱ्या डाएट इंटर्नसाठी: कुठून सुरुवात करायची, काय बघायचं, काय लिहायचं

डाएटेटिक्सचा पीजी डिप्लोमा किंवा एमएस्सी करणाऱ्या मुली (हल्ली एखाददुसरा मुलगाही असतो) इंटर्नशिपला येतात तेव्हा थिअरी एकदम पक्की असते. रीनल (किडनीच्या) डाएटमध्ये काय टाळायचं, सिरोसिसला (लिव्हर खराब झालेल्याला) किती प्रोटीन, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. अडतं कुठे तर १५०० कॅलरीचा सुंदर चार्ट बनवला, किचनला दिला, फाईलला लावला आणि मग कोणी विचारलं की पेशंटने त्यातलं खाल्लं किती, की सगळ्या गप्प. पोटात गेलं तेवढंच डाएट, बाकी नुसता कागद. पुढचं सगळं याच हिशोबाने लिहिलंय. मोठं जनरल हॉस्पिटल डोळ्यासमोर ठेवलंय, छोट्या ठिकाणी असाल तर यातलं निम्मं काम तुम्हाला एकटीलाच करावं लागेल एवढाच फरक.

जॉईन व्हायच्या आधी

हेपॅटायटिस बी चे डोस झालेत का बघा, नसतील तर लगेच सुरू करा. खिशात मावेल अशी वही, न ताणली जाणारी टेप, कॅल्क्युलेटर. हैदराबादच्या एनआयएनचे (राष्ट्रीय पोषण संस्थेचे) २०१७ चे अन्नघटकांचे तक्ते आणि २०२० चे आरडीए (कुठल्या घटकाची रोज किती गरज ते आकडे) फोनमध्ये ठेवा. तक्त्यातले आकडे १०० ग्रॅम कच्च्या खाण्यायोग्य भागाचे असतात, शिजलेल्या भाताचे वजन करून त्याला कच्च्या तांदळाच्या कॅलरी लावणारे दर बॅचला दोनतीन सापडतातच. आणि केस पेपरचा फोटो काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर "हे औषध कशाचं गं" असं विचारायचं नाही, कधीच नाही, नाव झाकलं असलं तरी नाही.

पहिली पायरी: वॉर्ड नाही, किचन

सगळ्यांना पहिल्या दिवशी आयसीयू बघायचा असतो. पण पहिला आठवडा किचनमध्ये काढा, नंतर खूप सोपं जातं.

करायचं काय तर मोजायचं. तुमच्या हॉस्पिटलची वाटी किती मिलीची आहे, पाणी भरून मोजा. भाताचा एक डाव म्हणजे किती ग्रॅम. फुलका २० ग्रॅम पिठाचा की २५ चा, म्हणजे ७० कॅलरी की ८५, आणि तेल लावलेली घडीची पोळी असेल तर ती सहज १२० च्या पुढे जाते. ज्वारीची भाकरी ५० ते ६० ग्रॅम पिठाची धरली तर १७० ते २००. सगळ्यात महत्त्वाचं वरण. पुस्तकात एक वाटी वरण म्हणजे ३० ग्रॅम डाळ आणि ७ ग्रॅम प्रोटीन असं गृहीत धरलेलं असतं, पण शंभर-दोनशे जणांचं वरण मोठ्या पातेल्यात होतं तेव्हा ते पातळ होतंच, मग त्या वाटीत १५ ग्रॅम डाळ असते आणि तुमचं प्रोटीन तिथेच निम्मं होतं, चार्टवर मात्र ७ लिहिलेलं. किचनच्या महाराजांकडून एका पातेल्याला किती किलो डाळ पडते आणि त्यात किती वाट्या निघतात हे विचारा, भागाकार करा, झालं.

मग फुल डाएट, सॉफ्ट, लिक्विड, क्लिअर लिक्विड, डायबेटिक, सॉल्ट रिस्ट्रिक्टेड, रीनल, आरटी (नळीने द्यायचं) फीड यातल्या प्रत्येकात तुमच्याकडे खरंच काय जातं ते ताटात बघा. क्लिअर लिक्विड म्हणजे पलीकडचं दिसेल असं, नारळपाणी, गाळलेलं डाळीचं पाणी, दूध न घातलेला चहा. त्यात ताक गेलेलं दिसलं तर तिथेच सांगायचं.

ट्रॉली किती वाजता निघते, कुठल्या वॉर्डला शेवटी पोचते, तोवर जेवण किती गार होतं हेही बघा. आणि परत येणारी ताटं बघायला विसरू नका. मावशी ताटं गोळा करतात तेव्हा त्यांच्याबरोबर एक चक्कर मारा, त्यांना प्रत्येक बेडचं माहिती असतं, "तो कोपऱ्यातला काका फक्त दही खातो" वगैरे. ही माहिती कुठल्या फाईलमध्ये मिळत नाही.

दुसरी पायरी: कोणाकडे आधी जायचं

चाळीस बेडचा वॉर्ड आणि तुम्ही एक, मग सगळ्यांना सारखा वेळ देता येत नाही, म्हणून स्क्रीनिंग. ॲडमिट झाल्यापासून २४ तासांत व्हायला हवं. बऱ्याच ठिकाणी एनआरएस-२००२ (कुपोषणाचा धोका ओळखायची प्रश्नावली) वापरतात, त्यात आधी चार साधे प्रश्न: बीएमआय २०.५ च्या खाली आहे का, गेल्या तीन महिन्यांत वजन उतरलंय का, गेल्या आठवड्यात खाणं कमी झालंय का, आजार गंभीर आहे का. एक जरी हो आलं तरी पुढचा भाग भरायचा, वय ७० किंवा जास्त असेल तर एक गुण जादा, आणि एकूण ३ किंवा जास्त आले तर हा तुमचा पेशंट. लिव्हर आणि डायलिसिसवाल्यांचं वजन पाण्याने फुगलेलं असतं म्हणून तिथे एसजीए (प्रश्न विचारून आणि अंग तपासून पोषण ठरवायची पद्धत) बरं पडतं.

जाड दिसणारा पेशंट सोडून देऊ नका. आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, त्यामुळे जाड पेशंट वॉर्डात भरपूर, पण ९० किलोचा माणूस तीन आठवडे नीट जेवला नसेल तर त्याचे स्नायू झडतातच, चरबीखाली दिसत नाहीत इतकंच.

वजन करता येत नसेल तर? बेडवरून हलता न येणारे खूप असतात. उंचीसाठी डाव्या हाताचं कोपरापासून मनगटाच्या हाडापर्यंतचं माप घ्यायचं, त्याचा तक्ता मिळतो. दंडाचा घेर घ्या. नातेवाईकांना विचारताना "वजन कमी झालं का" असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. "पँट सैल झाली का, बांगड्या कोपरापर्यंत जातात का, ब्लाऊज टाचावे लागले का" असं विचारा, मग खरं उत्तर येतं. डायबेटिसमुळे गुडघ्याखालून पाय काढलेला असेल तर आदर्श वजनातून साधारण ६ टक्के वजा करायचे, हे हमखास राहतं.

तिसरी पायरी: फाईल वाचणं

आधी डायग्नोसिस, मग औषधं, मग रिपोर्ट, मग सिस्टरचा इनटेक-आउटपुट चार्ट. बहुतेक जणी रिपोर्टवर उडी मारतात आणि अल्ब्युमिन कमी दिसलं की "प्रोटीन डेफिशियन्सी" लिहून मोकळ्या होतात. अल्ब्युमिन इन्फेक्शनमध्ये, ऑपरेशननंतर, लिव्हर बिघडलं की आपोआप पडतं, ते आजार किती जोरात आहे हे सांगतं, पेशंट किती जेवतो हे नाही. राऊंडला डॉक्टर तुम्हाला हेच विचारणार म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

दुसरं सलाईन. नातेवाईक म्हणतात "सलाईनवर आहेत ना, ताकद मिळतेय". पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या एक लिटरमध्ये ५० ग्रॅम साखर, म्हणजे १७० कॅलरी फक्त, आणि नॉर्मल सलाईनमध्ये शून्य. पेशंट किती दिवस एनबीएम (तोंडाने काहीच द्यायचं नाही) आहे ते तारखा लावून मोजा, कारण आज सोनोग्राफी, उद्या एंडोस्कोपी, परवा ऑपरेशन पुढे ढकललं, असं करत करत चार दिवस पोट रिकामं राहिलेलं असतं आणि कोणीच मुद्दाम ठेवलेलं नसतं.

औषधांमध्ये वॉर्फरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ते) असेल तर पालेभाज्या बंद करायच्या नसतात, रोज साधारण सारख्या ठेवायच्या असतात. मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ ची आठवण करून द्या. थायरॉईडची गोळी चहाबरोबर घेतली जातेय का विचारा. बहुतेक वेळा हो.

चौथी पायरी: पेशंटशी बोलणं

याला सगळ्यात जास्त वेळ द्या.

उभ्याने बोलू नका, स्टूल ओढून बसा. आधी नाव आणि "मी आहार विभागातून आलेय". समोर आजोबा असतील तर आजोबा, काका असतील तर काका, पण लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलायचं नाही. "काल दिवसभरात काय खाल्लं" असं थेट विचारलं की "सगळं, वरणभात पोळीभाजी" एवढंच मिळतं. त्यापेक्षा दिवस उलगडत न्या: उठल्यावर पहिलं तोंडात काय गेलं, चहा किती वेळा, कपात की ग्लासात, बरोबर खारी-बटर की बिस्किट, डबा नेता का, दुपारी किती पोळ्या, संध्याकाळी कामावरून येताना वडापाव होतो का. तंबाखू, मिश्री, दारू हे वेगळं विचारा, शक्यतो घरचे बाजूला असताना, आणि चेहरा बदलू देऊ नका.

उपवास विचारायलाच हवेत. एकादशी, चतुर्थी, गुरुवार, श्रावणी सोमवार, नवरात्र, काहींचे आठवड्याला दोन होतात. इन्सुलिन घेणाऱ्या बाई उपवासाला सकाळी फक्त चहा आणि दुपारी साबुदाण्याची खिचडी खात असतील तर शुगर आधी खाली जाणार मग वर उडणार, त्यांना "उपवास सोडा" म्हणून काही होत नाही, त्या हो म्हणतील आणि करतील. भगर, दाणे, ताक, दही, राजगिरा यावर वेळा बांधून द्या आणि इन्सुलिनचं डॉक्टरांशी बोला. रोजे ठेवणाऱ्यांचंही तसंच, जैन पेशंटचं रात्री न जेवणं आणि कंदमुळं, हे आधी विचारून घेतलं तर चार्ट वाया जात नाही.

घरी स्वयंपाक कोण करतं हेही विचारा. सुनेला न सांगता सासूबाईंना सल्ला दिला तर तो स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही, आणि सुनेसमोर सासूबाईंना "तुम्ही काय खाता" विचारलं तर वेगळंच उत्तर मिळतं. दोघींशी वेगवेगळं बोला.

पाचवी पायरी: हिशोब, एका उदाहरणाने

समजा ७२ वर्षांच्या आजी, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन होऊन तिसरा दिवस, डायबेटिस आहे. वजन ४२ किलो, उंची अंदाजे १५० सेंटिमीटर, बीएमआय १८.७. किलोला ३० कॅलरी धरल्या तर १२६०, प्रोटीन किलोला १.२ ते १.५ ग्रॅम म्हणजे ५० ते ६३. फाईलमध्ये "१५०० कॅलरी डायबेटिक डाएट" लिहिलंय आणि किचनमधून ते व्यवस्थित जातंय.

आता कालचं खरं खाणं: दोन वेळा अर्धा कप चहा, चार मारी बिस्किटं, दुपारी अर्धी वाटी वरणभात, रात्री चार चमचे खिचडी आणि थोडं दूध. मोजलं तर ४५० कॅलरीच्या आसपास, प्रोटीन १३-१४ ग्रॅम. चार्ट १५०० चा असला तरी गरजेच्या एकतृतीयांशच आत जातंय.

इथे नवी मुलगी लगेच प्रोटीन पावडर लिहून टाकते. थांबा, आधी का खात नाहीत ते बघा. आजींची कवळी गडबडीत घरी राहिलीय. पोळी चावता येत नाही, भाजी तशीच परत जाते. शिवाय बेडपॅन मागायला लाज वाटते म्हणून पाणी आणि पातळ पदार्थ मुद्दाम कमी घेतायत, हे तर त्या स्वतःहून सांगणारच नाहीत. मग काम असं: मुलाला कवळी आणायला सांगा, तोवर सॉफ्ट डाएट, मऊ मुगाची खिचडी वरून तूप घालून, दही, मुगाचं धिरडं, अंडं चालत असेल तर मऊ उकडून, दुधात २५ ग्रॅम स्किम मिल्क पावडर म्हणजे ९ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन वाढलं. सकाळी ११ ला त्यांना जरा भूक असते तर मोठं खाणं तेव्हा द्या, जेवणाची वेळ वॉर्डाच्या सोयीची असते, भुकेची नसते. सिस्टरना बेडपॅनचं सांगा. एवढं करून दोनतीन दिवसांत आकडा वर आला नाही तर पावडर.

आणि चहातली एक चमचा साखर? ४५० कॅलरी खाणाऱ्या आजींशी त्या २० कॅलरींवरून भांडण काढू नये असं माझं मत, शुगर इन्सुलिनने सांभाळता येते, डॉक्टरांना विचारून घ्या. काही सिनियर याला तयार नसतात, तुमच्या सिनियरना विचारून काय ते करा.

सहावी पायरी: नळीने फीड

राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी, आरटी म्हणतात ती हीच) जागेवर आहे की नाही हे बघणं डॉक्टर-सिस्टरचं काम, पण तुम्ही विचारायचं. बेडची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी, आडव्या पेशंटला फीड चालू दिसलं तर लगेच सिस्टरला हाक मारा. फीडच्या आधी आणि नंतर साधारण ३० मिली पाणी, नाहीतर नळी चोंदते. कालवलेलं फीड बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही.

साधा फॉर्म्युला बहुधा १ मिलीला १ कॅलरी असतो. सकाळी ६ ते रात्री १०, दर दोन तासांनी २०० मिली म्हणजे ९ फीड, १८०० मिली. कागदावर छान. पण एक फीड पेशंट सीटी स्कॅनला गेला म्हणून चुकलं, एक डायलिसिसमध्ये, एक उलटी झाली म्हणून सिस्टरने थांबवलं, उरलं १२००. म्हणून रोज सकाळी आदल्या दिवसाचा चार्ट बघून किती गेलं ते लिहायचं. फिट्ससाठी फेनिटॉइन नळीतून चालू असेल तर त्याच्या आधी-नंतर फीड थांबवावं लागतं, ते वेळापत्रकात बसवा. जुलाब झाले की सगळे फीडला दोष देतात, आधी अँटिबायोटिक आणि गोड सिरप औषधं बघा, त्या सिरपमधल्या सॉर्बिटॉलने (गोडीसाठी घालतात त्याने) होतात पुष्कळदा.

इथे स्वतःच्या मनाने काही करायचं नाही

दहा-दहा दिवस जवळजवळ काही न खाल्लेला माणूस, बीएमआय १६ च्या खाली, खूप दारू पिणारा, अन्ननलिकेच्या कॅन्सरने गिळता न येणारा. दया येते आणि वाटतं भरपूर द्यावं. असं एकदम दिलं की फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून झपाट्याने खाली जातात आणि हृदय बंद पडू शकतं. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. सुरुवात किलोला १० कॅलरीने, आधी थायमिन (व्हिटॅमिन बी-१), रोज रिपोर्ट, आणि चार ते सात दिवसांत हळूहळू वर. सिनियर आणि डॉक्टर दोघांना कळवल्याशिवाय चार्ट द्यायचा नाही.

डायलिसिस वॉर्डात भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणतो. प्रेमाने आणलेलं असतं पण ते पोटॅशियमने भरलेलं असतं. तसंच "लो सोडियम" मीठ, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं, बीपीवाल्याला कोणी सांगितलेलं ते किडनीवाला पण आणतो. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकायला शिकवा. आणि डायलिसिस सुरू झाल्यावरही "किडनीला डाळ वाईट" म्हणून प्रोटीन बंद ठेवलेलं असतं, तिथे उलट किलोला १ ते १.२ ग्रॅम लागतं. सिरोसिसलाही प्रोटीन तोडायचं नाही, १.२ ते १.५, आणि झोपायच्या आधी काहीतरी खायला.

बोलता बोलता पेशंटला घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तुमचे प्रश्न बंद, सिस्टरला हाक. शुगर ७० च्या खाली असेल आणि पेशंट गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासणी.

सातवी पायरी: नोट लिहिणं

मोठे निबंध कोणी वाचत नाही. काय दिसलं, त्यावरून प्रॉब्लेम काय, काय केलं, कधी परत बघणार. प्रॉब्लेम लिहिताना तीन भाग: काय, कशामुळे, कशावरून. आजींचं असं होईल: तोंडाने खाणं अपुरं, कारण कवळी नाही आणि ऑपरेशननंतर भूक कमी, पुरावा म्हणजे १२६० पैकी ४५० कॅलरी. "डायबेटिस" हा तुमचा प्रॉब्लेम नाही, तो डॉक्टरांचा, तुम्ही खाण्याचं लिहा. इंटर्नच्या नोटवर सिनियरची सही हवी, ती त्याच दिवशी घ्या.

राऊंडला दोन वाक्यं तयार ठेवा: "बेड १२, काल गरजेच्या एकतृतीयांश इनटेक, कवळी नाही, सॉफ्ट डाएट केलंय, परवा परत मोजते." डॉक्टर घाईत असतात, पण आकडा ऐकला की थांबतात.

शेवटची पायरी: डिस्चार्ज आणि लॉगबुक

डिस्चार्जच्या दिवशी बिलाची गडबड असते, तेव्हा चार पानी छापील चार्ट दिला की तो रिपोर्टच्या पिशवीत जातो आणि तिथेच राहतो. आदल्या दिवशी बोला. एका पानावर तीनच गोष्टी, त्यांच्या घरात असलेल्या वाटीच्या मापात, त्यांच्या बजेटमध्ये. ज्यांच्याकडे रोज दूध येत नाही त्यांना ब्रोकोली, ओट्स, ऑलिव्ह ऑईल लिहून देऊ नका, शेंगदाणे, हरभरे, मूग, अंडी, नाचणी यावर पुष्कळ होतं. मग त्यांनाच विचारा की घरी गेल्यावर उद्या सकाळी काय खाणार, त्यांनी सांगितलेलं बरोबर आलं की समजलंय. ओपीडीची तारीख त्याच पानावर.

लॉगबुक रोजच्या रोज भरा. इंडियन डाएटेटिक असोसिएशनच्या आरडी (रजिस्टर्ड डाएटिशियन) परीक्षेसाठी इंटर्नशिपचं सर्टिफिकेट लागतं आणि ते लॉगबुक पूर्ण असल्याशिवाय सहसा मिळत नाही. वेगवेगळ्या वॉर्डांच्या केसेस त्यात हव्यात, नुसता मेडिसिन वॉर्ड नको, बर्न्स, पीडियाट्रिक, ऑन्को (कॅन्सर) जे असेल ते मागून घ्या, कोणी आपणहून पाठवत नाही. सरकारी हॉस्पिटलमध्ये कुपोषित मुलांचं केंद्र असेल तर तिथे थोडे दिवस नक्की घालवा, एफ-७५ आणि एफ-१०० दूध कसं मोजून देतात ते बघितलं की हळूहळू वाढवणं म्हणजे काय ते कळतं. आणि सह्या दर शनिवारी घ्या, शेवटच्या आठवड्यात सगळ्या एकदम वही घेऊन येतात आणि नेमकी तेव्हाच सिनियर रजेवर असते.